पाण्यात घातलेले पैसे

दर मंगळवारी, बर्फ फुटल्यापासून ऑक्टोबरपर्यंत,
हॉल्वर्ड निगार्ड होडीच्या कडेवरून
काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडतो
आणि मी वही धरते.
दोरीला फुटाफुटावर लाल गाठ.
तबकडी दिसेनाशी होते तिथे तो थांबतो.
'साडेनऊ,' मी म्हणते.
'नऊ लिही.'
मिनीआपोलिसच्या एकतिसाव्या मजल्यावर
अडतीस वर्षं दुसऱ्यांचे ताळेबंद तपासलेला माणूस,
स्वतःच्या बाजूने अर्धा फूटही ओढत नाही.

गावाने आधी त्याला पाण्यातच पाहिलं.
म्हणे निवृत्त झालाय, खेळायला तळं हवंय.
त्याने धक्क्यावर होड्या धुवायचं गरम पाण्याचं यंत्र बसवलं,
तेव्हा कॅफेतला आर्नी म्हणाला : पैसे पाण्यात.
मग त्याने लॉन उखडलं, आधी स्वतःचं,
आणि काठाने कमरेएवढं रानगवत वाढू दिलं,
तेव्हाही तेच : पैसे पाण्यात.
'बरोबर आहे त्याचं,' हॉल्वर्ड म्हणाला,
'तिथेच घालतोय.'
यंत्र मीच चालवते, ताशी अठरा डॉलर.
दुसऱ्या तळ्यांतून चिकटून आलेलं शेवाळ
होड्यांच्या पोटावरून खरवडते.

एकदा त्याने भर तळ्यात इंजिन बंद केलं.
पूर्वेच्या काठावरची ती चाळीस कॉटेजेस,
ज्यांच्या मैल्याच्या टाक्या वीस वर्षं इथे झिरपल्या,
माझ्या लहानपणी ऑगस्टमध्ये ज्यांच्यामुळे
पाणी वाटाण्याच्या सुपासारखं व्हायचं,
'त्या कर्जावर सही माझी आहे,' तो म्हणाला.
माझ्याकडे न बघता.
मला काय लिहावं कळेना.
मी लिहिलं : वारा वायव्येकडून, मंद.

गळाची अळी विकायचं जुनं दुकान त्याने घेतलं
आणि तिथे शनिवारचं घर केलं,
ज्यांची मुलं कोर्टाने दुसरीकडे ठेवलीत
त्यांना दोन तास भेटण्यासाठी.
पाटीवर नाव नको म्हणाला.
अटी दोनच : शेगडी चालू हवी,
आणि खिडकी तळ्याकडे.
'का?' मी विचारलं.
'समोरासमोर बसलं की माणसं भांडतात.
एकाच बाजूला बघत बसू देत.'
त्याची स्वतःची मुलगी टूसॉनला असते.
नाताळला कार्ड येतं. छापील.

जूनमध्ये डेल क्विगली आला,
आठ महिने दारूला न शिवलेला,
आणि त्याची जोलीन, सहा वर्षांची,
जी पहिले तीन शनिवार
पॅनकेक खाऊन खिडकीतून बाहेर बघत राहिली होती.
चौथ्या शनिवारी हॉल्वर्डने दोघांना होडीत घेतलं.
माझ्या शेजारची सरकारी बाई कुरकुरली, मग स्वतःच बसली.
बाकाखालून त्याने लहान मुलाचं नारिंगी जॅकेट काढलं.
किमतीची चिठ्ठी तशीच, तिचा दोरा डेलने दातांनी तोडला.
चिठ्ठीवरची तारीख मी वाचली, आणि बोलले नाही :
जोलीन जन्मलीही नव्हती तेव्हा.

दोरी त्याने तिच्या हातात दिली.
ती सोडत गेली, गाठी मोजत गेली,
सहा, सात, जीभ दातांत धरून,
आठ, नऊ,
आणि मग बापाकडे वळून,
जणू आत्ताच कुणी परवानगी दिली तसं :
'तुला दिसतंय का अजून?'
डेल कडेवरून इतका वाकला
की होडी कलली, सरकारी बाई ओरडली.
'दिसतंय,' तो म्हणाला. 'सोड अजून.'
दहा. अकरा.
मला तर दहालाच दिसेनासं झालं होतं.
हॉल्वर्डलाही झालं असणार,
तो चष्मा पुसत होता.

'किती लिहू?' मी विचारलं.

राज्याच्या कार्यालयाकडून नंतर पत्र आलं :
त्या दिवशीची नोंद इतर नोंदींशी जुळत नाही, कृपया खुलासा करावा.
पत्र शनिवारच्या घरात फ्रिजवर चिकटवलंय,
पॅनकेकच्या कृतीशेजारी.
वहीत अकराच आहे.